‘मोठी स्क्रीन, ५० गुणिले ४ वॉट’: गाडीच्या स्टिरिओबद्दल फिरणाऱ्या मेसेजचा प्रतिवाद

सोसायट्यांच्या आणि गाडीवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक सल्ला पुन्हा पुन्हा फिरतो. मजकूर थोडाफार बदलतो, सार तेच राहतं. मोबाईलवरची गाणी गाडीत ऐकायची तर कंपनीचा स्टिरिओ काढा आणि ९ इंची अँड्रॉइड स्टिरिओ बसवा. अँड्रॉइड म्हटल्यावर अँड्रॉइड ऑटो आलंच. ‘५० गुणिले ४ वॉट’, म्हणजे चार स्पीकरांना प्रत्येकी ५० वॉट, असल्याने आवाज वाढवणारा वेगळा ॲम्प्लिफायर नको, स्पीकर आहेत तेच चालतील. ब्लूटूथवर गाणं खराब होतं, निदान ब्लूटूथ ५ तरी बघून घ्या. एवढा खर्च नको असेल तर एफएम मॉड्युलेटर लावा, म्हणजे फोनवरचं गाणं गाडीच्या रेडिओला एफएमवरून पाठवणारं छोटं यंत्र. आणि कपलरवर, म्हणजे गाडीच्या सॉकेटला स्टिरिओ जोडणाऱ्या तयार वायरिंगवर, पैसे घालवू नका, कोणीही वायरी पिळून, टेप मारून अर्ध्या तासात बसवून देतो.

यातल्या बहुतेक वाक्यांत सत्याचा थोडा अंश आहे, म्हणून ती पटतात. पण त्यांवर विसंबून होणारी खरेदी चुकते. फोनवरून गाणी ऐकणाऱ्याने आधी फोनची जोडणी बघावी, मग स्पीकर, मग वायरिंग, आणि स्क्रीन सगळ्यांत शेवटी. मेसेजने हा क्रम उलटा करून ठेवला आहे.

‘अँड्रॉइड स्टिरिओ घेतला की अँड्रॉइड ऑटो मिळतं.’

या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अँड्रॉइड स्टिरिओ म्हणजे डॅशबोर्डमध्ये बसवलेला टॅबच: स्वतःची रॅम, स्वतःची स्टोरेज, स्वतःची ॲप. अँड्रॉइड ऑटोत ॲप फोनवर चालतं. स्टिरिओ फक्त पडदा, बटणं आणि आवाज पुरवतो. आयफोनसाठी हेच काम कारप्ले करतं. अँड्रॉइड स्टिरिओत गाण्याचं ॲप टाकलं तर त्याला इंटरनेट लागतं. मग फोनचा हॉटस्पॉट चालू ठेवा, ॲपमध्ये पुन्हा लॉगिन करा. आणि एवढं करून, घरच्या वायफायवर फोनमध्ये उतरवून ठेवलेली गाणी त्या स्टिरिओत नसतातच. पुण्याला जाताना नेटवर्क तुटलं की फोनवरचं ॲप उतरवलेली गाणी वाजवत राहतं, स्टिरिओतलं ॲप गोल फिरत बसतं.

काही अँड्रॉइड स्टिरिओंत झेडलिंकसारख्या ॲपच्या आधाराने अँड्रॉइड ऑटो आणि कारप्ले चालतं, पुष्कळदा ठीकही चालतं. पण खोक्यावर ‘अँड्रॉइड १३’ छापलंय म्हणून ते असेलच असं धरू नका. मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर घ्या नाहीतर लॅमिंग्टन रोडवर, दुकानात डेमो बोर्डवर स्वतःचा फोन लावून बघा. वायरलेस अँड्रॉइड ऑटोसाठी फोनवर अँड्रॉइड ११ किंवा पुढचं आणि ५ गिगाहर्ट्झचं वायफाय लागतं. फोन जोडून गाणं लावा, कोणाला तरी कॉल करायला सांगा, कॉल संपल्यावर गाणं आपोआप परत सुरू होतंय का बघा. मग स्टिरिओचा सप्लाय बंद करून पुन्हा चालू करायला लावा आणि फोन किती वेळात जोडला जातो ते मोजा. हीच कसरत रोज गाडी सुरू करताना होणार आहे. केबलने जोडणार असाल तर केबल डेटाची हवी, एक मीटरपेक्षा लांब नको. चार्जरसोबत मिळणाऱ्या काही स्वस्त केबलींत डेटाच्या तारा नसतातच, मग फोन चार्ज होतो पण स्क्रीनवर काही येत नाही आणि दोष स्टिरिओला लागतो.

रॅम २ जीबी की ४ जीबी हा प्रश्न फोन जोडून ऐकणाऱ्याला गौण आहे. स्वतःचं ॲप स्टोअर नसलेला, ७ इंची, १८० बाय १०० मिलिमीटरच्या डबल डिन खाचेत बसणारा साधा स्टिरिओ लवकर सुरू होतो आणि वर्षानुवर्षं तसाच चालतो. आणि कंपनीच्याच स्टिरिओत अँड्रॉइड ऑटो किंवा कारप्ले असेल तर तो काढूच नका. ते पैसे स्पीकरवर घाला.

‘५० गुणिले ४ वॉट आहे, ॲम्प्लिफायर कशाला?’

हा आकडा कुठून येतो ते एकदा स्वतः मोजून बघावं. इंजिन चालू असताना गाडीत सुमारे १४.४ व्होल्ट मिळतात. स्पीकर ४ ओहमचा. स्टिरिओतली ॲम्प्लिफायर चिप स्पीकरची दोन्ही टोकं आलटून पालटून ओढते, तरी स्पीकरवर कोणत्याही क्षणी १४.४ व्होल्टपेक्षा जास्त पडू शकत नाहीत. १४.४ चा वर्ग करून ४ ने भागा: ५१.८ वॉट. छापलेले ‘५०’ हेच. पण ही शक्ती मिळते ती लहर पूर्ण चौकोनी झाल्यावर, म्हणजे आवाज पार फाटल्यावर. स्वच्छ लहरीला त्याच्या निम्मे, २५.९ वॉट, तेही चिपमध्ये काहीच वाया गेलं नाही तर. प्रत्यक्षात एका स्पीकरमागे १८ ते २२ वॉट आरएमएस, म्हणजे सलग मिळणारी शक्ती, हाती येतात. दुसरा पुरावा स्टिरिओच्या पाठीमागेच असतो. तिथला फ्यूज १० ॲम्पिअरचा असेल तर आत सलग येणार १४४ वॉट. त्यातून २०० वॉट सतत बाहेर कसे पडतील? म्हणून दोन स्टिरिओंची तुलना करताना ‘कमाल’ वॉट सोडून द्या आणि आरएमएसचा आकडा बघा. बहुतेकांचा जवळपास सारखाच निघतो, कारण बॅटरी सगळ्यांची १२ व्होल्टचीच आहे.

वीस वॉट मात्र कमी नाहीत. ते कुठल्या स्पीकरला मिळतात यावर सगळं ठरतं. स्पीकरच्या पत्रकात संवेदनशीलता, म्हणजे तेवढ्याच शक्तीत तो किती मोठा वाजतो ते, डेसिबलमध्ये दिलेली असते. ८८ डेसिबलच्या स्पीकरला जेवढ्या आवाजासाठी ४० वॉट लागतात, तेवढाच आवाज ९१ डेसिबलचा स्पीकर २० वॉटमध्ये देतो. स्टिरिओवरच चालवायचं असेल तर ९० च्या वरचा स्पीकर घ्या. ‘३५० वॉट’ असं मोठ्या अक्षरांत लिहिलेला आणि ८८ चा असलेला नको. आणि आधी पुढच्या दारांतले बदला. गाणं समोरून यावं लागतं, मागचे नुसती साथ देतात. डिकीच्या फळीवरच्या ६ बाय ९ इंची स्पीकरांवर खर्च करून पुढे कंपनीचे कागदी कोनवाले ठेवणं ही मुंबईत सर्रास दिसणारी उधळपट्टी आहे.

स्पीकर बसवताना दोन ठिकाणी हमखास चुकतं. पहिलं, एका दारात प्लस-मायनस उलटे लागतात. दोन्ही बाजू एकत्र वाजल्या की ढोलकी पातळ होते आणि गायकाचा आवाज मधोमध ठरत नाही. बॅलन्स पूर्ण एका बाजूला नेला की उलट बास परत येतो. तसं झालं तर ध्रुवता उलटी आहे हे नक्की. स्पीकरची वायर स्टिरिओपासून सोडवून दीड व्होल्टचा पेन्सिल सेल क्षणभर टेकवा: प्लसला प्लस असेल तर कोन बाहेर येतो.

दुसरी चूक पावसाळ्यात कळते. दाराच्या पॅनेलमागे पातळ प्लास्टिकचा पडदा चिकटवलेला असतो. काचेवरून दारात उतरणारं पाणी तो आतल्या बाजूला येऊ देत नाही, खालच्या भोकांतून बाहेर जाऊ देतो. फिटर घाईत तो फाडतात नाहीतर अर्धवट लावतात. जुलैत पायाखालचं कार्पेट ओलं होतं आणि लोक वायपरच्या खालची गळती शोधत बसतात. पॅनेल बंद करण्याआधी तो पडदा नीट चिकटवलेला स्वतः बघा, आणि स्पीकरमागची जोडणी दाराच्या तळापासून वर बांधून घ्या.

ॲम्प्लिफायर लागतो तो सबवूफर (फक्त बाससाठीचा मोठा स्पीकर) घालायचा असेल तेव्हा किंवा वाऱ्याच्या आणि टायरच्या आवाजावर एक्स्प्रेसवेवर मोठ्याने ऐकायचं असेल तेव्हा. मग त्याची वायर थेट बॅटरीवरून न्यायची आणि बॅटरीपासून अर्ध्या मीटरच्या आत फ्यूज घालायचा. या फ्यूजवर तडजोड नको. वायर बॉडीला घासली तर आग लागते.

‘ब्लूटूथवर गाणं खराब होतं, ब्लूटूथ ५ बघा.’

ब्लूटूथ गाण्याची काटछाट करतं, हे खरं. पण किती, ते बघा. कोडेक म्हणजे गाणं आवळून पाठवायची पद्धत. सगळ्या स्टिरिओंत असणारा एसबीसी कोडेक वरच्या सेटिंगला सेकंदाला सुमारे ३२८ किलोबिट नेतो. आयफोन एएसी हा दुसरा कोडेक वापरतो, स्टिरिओला ते येत असेल तर. धावत्या गाडीत, एसी चालू असताना, हा फरक ओळखू येणं अवघड आहे. गाणं खरंच खराब येतं ते त्याच्या आधी, ॲपमध्ये. स्पॉटिफायच्या पायऱ्या बघा: २४, ९६, १६० आणि ३२० किलोबिट, वरच्या पायऱ्या प्लॅननुसार उघडतात. मोबाईल डेटासाठी सेटिंग ‘ऑटोमॅटिक’ असेल तर नेटवर्क कमजोर झालं की ॲप स्वतःहून खाली उतरतं आणि झांजा चिरकतात. ती निवड हाताने ‘हाय’ किंवा ‘व्हेरी हाय’ करा. ३२० ने तासाला १४४ एमबी जातात, १६० ने ७२. रोजच्या दीड-दोन जीबीच्या पॅकमध्ये ते सहज बसतं. रोजची गाणी घरी उतरवून ठेवली तर तेही नको.

आवाजाची पातळीही बघा. काही स्टिरिओंत फोनचा आणि स्टिरिओचा व्हॉल्यूम वेगळा असतो. फोन निम्म्यावर ठेवून स्टिरिओ पिळला की सळसळ वाढते. फोन जवळपास पूर्ण ठेवा, कमीजास्त स्टिरिओवर करा. ॲपमधला आणि स्टिरिओचा इक्वलायझर एकाच वेळी लावू नका. दोन्हीकडे बास चढवला की वीस वॉटची चिप लगेच फाटते.

‘ब्लूटूथ ५’ चा आकडा या कामात काहीच देत नाही. गाणं ज्या जुन्या पद्धतीच्या जोडणीवरून जातं तिचा ३ मेगाबिटचा वेग २००४ च्या ब्लूटूथ २.० पासूनचा आहे. ५ मध्ये वाढलेला वेग कमी ऊर्जेच्या दुसऱ्या जोडणीचा. स्टिरिओ कोणते कोडेक घेतो ते विचारा. अँड्रॉइड फोनवर डेव्हलपर ऑप्शन्समध्ये ‘ब्लूटूथ ऑडिओ कोडेक’ उघडलं की जोडणी नेमकी कशावर चालू आहे ते दिसतं. अँड्रॉइड ऑटोत तर गाणं केबलवरून किंवा वायफायवरून जातं, ब्लूटूथची ही मर्यादा तिथे येतच नाही. मध्येच गाणं थांबत असेल तर कोडेकला दोष देण्याआधी जोडलेल्या फोनांची यादी बघा. घरातल्या चौघांचे फोन नोंदलेले असतील तर मागच्या सीटवरचा फोन जोडणी पळवतो.

‘स्वस्तात हवं तर एफएम मॉड्युलेटर.’

मुंबईत तरी नाही. ९१.१, ९२.७, ९३.५, ९८.३, १००.७, १०७.१ अशी तगडी स्टेशनं आणि त्यांच्या मधली आणखी काही. त्या सगळ्यांतून मॉड्युलेटरच्या क्षीण लहरीला रिकामी जागा शोधायची, आणि दादरला मिळालेली जागा ठाण्याला शांत असेलच असं नाही. शिवाय एफएमवर १५ किलोहर्ट्झच्या वरचं काही जात नाही. जुन्या स्टिरिओला ऑक्सचं, म्हणजे हेडफोनसारखी पिन घालायचं, भोक असेल तर त्यात काही शे रुपयांचा ब्लूटूथ रिसीव्हर लावा, आवाज कितीतरी स्वच्छ येतो. ॲक्सिलरेटर दाबला की चढत जाणारी कुईं ऐकू आली तर रिसीव्हर आणि स्टिरिओ दोन वेगळ्या ठिकाणी अर्थ झालेत, याला ग्राउंड लूप म्हणतात. रिसीव्हर चार्जिंगवरून काढून बघा. कुईं गेली तर ऑक्सच्या वायरीत मध्ये तो लूप तोडणारा ग्राउंड लूप आयसोलेटर घाला.

‘कपलर नको, वायरी पिळून टेप मारा.’

या सल्ल्याचं नुकसान सगळ्यांत उशिरा दिसतं. गाडीच्या मॉडेलचा कपलर कंपनीच्या सॉकेटमध्ये तसाच बसतो, एकही वायर कापावी लागत नाही, आणि उद्या जुना स्टिरिओ परत लावता येतो. कापलेली वायर दिसली की इलेक्ट्रिकलच्या वॉरंटीवर सर्व्हिस सेंटर हरकत घेतं. मुंबईच्या दमट, खाऱ्या हवेत पिळलेलं तांबं हिरवं पडतं, टेपचा गोंद उन्हात वितळून सुटतो, आणि दोन पावसाळ्यांनंतर एक स्पीकर खड्ड्यागणिक चालू-बंद होतो. कपलर आणि स्टिरिओची वायर जोडायची ती सोल्डर करून किंवा क्रिंप करून (धातूच्या नळीत घट्ट दाबून), वर श्रिंक ट्यूब, म्हणजे गरम केल्यावर आवळली जाणारी नळी.

बाहेरून घेतलेल्या स्टिरिओंत वायरींचे रंग ठरलेले असतात. पिवळी कायम १२ व्होल्ट, लाल चावीवरची, काळी अर्थ. पांढरी पुढचा डावा स्पीकर, राखाडी पुढचा उजवा, हिरवी मागचा डावा, जांभळी मागचा उजवा. काळ्या पट्ट्याची ती मायनस. स्पीकरची मायनस कधीही बॉडीला लावू नका, चिप जळते. पिवळी आणि लाल उलटी लागली तर गाडी बंद करताच घड्याळ आणि सेटिंग पुसली जातात. दोन्ही कायमच्या सप्लायवर लावल्या तर स्टिरिओ झोपतच नाही.

आठवडाभर लोकलने जाऊन गाडी रविवारीच काढणाऱ्यांना हे सगळ्यांत जास्त भोवतं. स्टिरिओ २०० मिलिॲम्पिअर खात राहिला तर पाच दिवसांत २४ ॲम्पिअर-तास जातात. लहान पेट्रोल गाडीची बॅटरी ३५ ची असते. अँड्रॉइड स्टिरिओंत चटकन सुरू होण्यासाठी ‘स्लीप’ची सोय असते आणि ती अशीच थोडी वीज पीत राहते, सेटिंगमध्ये तिची वेळ कमी करा किंवा पूर्ण बंद ठेवा. बसवल्यावर त्याच दिवशी मोजून घ्या. गाडी बंद, बॅटरीची मायनस केबल सोडवून मल्टीमीटर १० ॲम्पिअरच्या रेंजवर केबल आणि बॅटरीच्या मध्ये जोडा, गाडी लॉक करून अर्धा तास थांबा. मधल्या वेळात दार उघडू नका आणि चावी फिरवू नका, मीटरचा फ्यूज जाईल. आकडा ५० मिलिॲम्पिअरच्या आत हवा. जास्त असेल तर स्टिरिओच्या पिवळ्या वायरवरचा फ्यूज काढून पुन्हा बघा. आकडा पडला तर गळती स्टिरिओची, आणि फिटरला तिथेच दाखवून लाल वायर चावीच्या सप्लायवर घ्यायला लावा.