गंजाची राखण

जुना खंजीर घरात आला की पहिला वार त्याच्यावरच होतो. "बाई गं, किती काळा पडलाय हा!" म्हणत कुणीतरी सँडपेपर शोधायला उठतं. शंभर वर्षं लढाया, पाऊस आणि ट्रंकेतला अंधार सोसून टिकलेलं पोलाद अशा प्रेमळ माणसाच्या हाती पाच मिनिटांत निकालात निघतं. माझ्या मते संग्राहकाचं मुख्य काम शस्त्र जमवण्याचं नसून गंजाची राखण करण्याचं आहे. घरच्यांना हे समजावणं महाकठीण.

गंजातही दोन जाती. केशरी, भुसभुशीत, बोटाला पूड लागणारा तो चालू गंज. तो पातं खात राहतो. काळपट-तपकिरी, घट्ट, हाताला गुळगुळीत लागणारा तो मुरलेला थर. त्याला हात लावायचा नाही. चालू गंजावर शिवणयंत्राच्या तेलाचे दोन-तीन थेंब सोडावेत, रात्रभर मुरू द्यावेत, आणि मग चार शून्यांच्या म्हणजे सर्वांत बारीक स्टील वूलने पात्याच्या लांबीच्या दिशेने हलकेच पुसावं. गोल गोल घासू नये, ते भांड्यांसाठी. गोडेतेल तर नकोच; ते हवेने चिकट होतं आणि त्यावर धूळ बसून नवाच थर तयार होतो. पात्यावर लाटांसारखी नक्षी दिसत असेल, म्हणजे वूट्झ नावाचं जुनं हिंदुस्थानी पोलाद असेल, तर स्टील वूलसुद्धा बाजूला ठेवा. पॉलिशने ती नक्षी पुसली जाते आणि परत आणायला आम्लाचा हात देणारा जाणता कारागीर शोधावा लागतो.

पातं आणि मूठ यांचं तर जन्माचं वैर. पोलादाला कोरडी हवा हवी, आर्द्रता ४० टक्क्यांच्या आत. हस्तिदंत, लाकूड आणि चामडं तेवढ्या कोरड्या हवेत तडकतात. त्यांना ४५ ते ५५ लागते. दोघं एकाच खिळ्याने जोडलेले, त्यामुळे वेगळं बिऱ्हाड शक्य नाही. मग ४५ च्या आसपास तह करायचा आणि तो मोडू द्यायचा नाही, कारण आकड्यापेक्षा चढउतार जास्त घातक. सेल्युलॉइडची, म्हणजे जुन्या प्लॅस्टिकची, मूठ मात्र वेगळ्या कपाटात हलवा. जुनं होताना ती नायट्रिक आम्लाची वाफ सोडते आणि शेजारच्या सगळ्या पात्यांना बाधते.

म्यानात खंजीर शोभतो, म्हणून लोक तो म्यानातच ठेवतात. चामडं कमावताना त्यात मुरलेलं टॅनिन नावाचं आम्लधर्मी द्रव्य आणि ओल मिळून पातं आतल्या आत पोखरतात, आणि जिथे पितळी खिळा चामड्याला टेकतो तिथे हिरवं मेणचट काहीतरी उगवतं. ते बांबूच्या काडीने खरवडावं, सुरीने नव्हे. म्यान आणि पातं शेजारी शेजारी ठेवावं, एकमेकांत नाही. आणखी एक: जुन्या हिंदुस्थानी खंजिरांच्या मुठी बऱ्याचदा लाखेने बसवलेल्या असतात. कुणी स्वच्छतेच्या उत्साहात मूठ गरम पाण्यात धरली, की लाख मऊ होते आणि एका वस्तूच्या दोन वस्तू होतात.

पण खरी परीक्षा घेतो तो फौजी खंजीर, कारण त्याच्यासोबत गोष्ट येते. पोलादाला गंज चढतो, गोष्टीला मात्र दरवर्षी नवी झिलई. ब्रिटिश कमांडोंचा फेअरबेर्न-साइक्स खंजीर घ्या. सुरुवातीच्या नमुन्याचा मूठ आणि पातं यांच्यामधला आडवा गज नागमोडी होता. मुठीवर कड्याच कड्या असलेला तिसरा नमुना १९४३ च्या सुमारास आला आणि युद्ध संपल्यावरही बनत राहिला. तेव्हा कड्यांच्या मुठीचा खंजीर घेऊन आजोबा १९४१ च्या छाप्यात होते असं घरचे सांगत असतील, तर आजोबांविषयीचा आदर कायम ठेवावा आणि तारीख बदलावी.

मुठीवर किंवा पात्यावर कोरलेलं नाव दिसलं की डोळे भरून येतात. येऊ द्यावेत, मग पुसावेत आणि दहापट भिंग लावावं. जुन्या अक्षराच्या खाचेचा तळ आजूबाजूइतकाच काळा असतो आणि कडा हाताने झिजून बोथट झालेल्या असतात. तळ चकाकत असेल, कडा टोचत असतील, किंवा रेघ गंजाच्या खळग्याची कड कापून पुढे गेली असेल, तर अक्षर गंजानंतरचं. आम्लाने म्हातारी केलेली वस्तूही ओळखू येते: गंज सगळीकडे सारखा, हात पोचत नाही त्या कोपऱ्यातसुद्धा. खऱ्या वापरात मूठ उंचवट्यांवर झिजते, सांदीत नाही.

नाव खरं निघालं तर कोणाचा, कुठल्या पलटणीचा, कोणी कोणाला दिला, हे पेन्सिलीने आम्लरहित कागदावर लिहून वेगळ्या पाकिटात ठेवावं. धातूवर नंबर कोरू नये. सुती दोऱ्याने चिठ्ठी बांधावी. चिठ्ठी हरवली की पराक्रमी पूर्वजाचा खंजीर रातोरात नुसता खंजीर होतो.

राहता राहिले पाहुणे. खुकरी दिसली की हमखास कुणीतरी सांगतं, "ही बाहेर काढली की रक्त प्यायल्याशिवाय परत जात नाही." ही दंतकथाच आहे, गुरख्यांच्या घरी तिने लाकूड फोडतात आणि भाजीही चिरतात. पण हे सांगणारा माणूस म्यान मुठीत गच्च आवळून खुकरी उपसतो, म्यानाची जुनी शिवण उसवलेली असते, धार फटीतून बाहेर येते आणि दंतकथा खरी ठरते. म्यान नेहमी पात्याच्या पाठीच्या, म्हणजे बोथट बाजूने धरावं, बोटं धारेच्या बाजूला वळवू नयेत.

रक्त न सांडताही पाहुणा आपली खूण सोडून जातो. घामातलं मीठ पात्यावर राहतं, आणि तो घरी पोचेपर्यंत काम सुरू झालेलं असतं. लगेच आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावं, सुकू द्यावं आणि सूक्ष्मस्फटिकी (मायक्रोक्रिस्टलाइन) मेणाचा पातळ हात फिरवावा. आळस केला तर काही दिवसांत पात्यावर त्याच्या अंगठ्याचा तपकिरी ठसा उमटतो, इतका सुबक की तक्रार नोंदवायला दुसरा पुरावा लागू नये.