क्यूएल मॅकच्या आधी आला म्हणे! कुणाच्या घरी?

सिंक्लेअर या ब्रिटिश कंपनीच्या क्यूएल या कॉम्प्युटरबद्दल एक दावा अधूनमधून फिरत असतो: '12 जानेवारी 1984 ला क्यूएल आला, मॅकिन्टॉश 24 जानेवारीला. म्हणजे सिंक्लेअरने ॲपलला बारा दिवसांनी मागे टाकलं. नंतर मशीन मिळायला उशीर झाला तो मागणीच्या रेट्यामुळे. शिवाय मोटोरोलाच्या 68000 घराण्यातला प्रोसेसर असलेला पर्सनल कॉम्प्युटर हा पहिलाच.' तारखा बरोबर आहेत, बाकीचं तपासून घेऊ.

12 जानेवारीला झाली ती नुसती घोषणा. मशीन नव्हे, ऑर्डरी सुरू झाल्या. पोस्टाने मागवा, 28 दिवसांत घरपोच, असा वायदा होता. गिऱ्हाइकांच्या हातात पहिली मशिन्स पडायला एप्रिल उजाडला, तीही रडतखडत. मॅक मात्र जाहीर झाला तो डीलरांकडे विक्रीला ठेवूनच. त्या काळात आपल्याकडे चेतकसाठी नंबर लावून लोक वर्षानुवर्षं थांबायचे. पण बुकिंगची पावती हातात आली म्हणून कुणी 'स्कूटर घेतली' असं सांगत सुटत नसे.

मागणीच्या रेट्याचं म्हणाल, तर हा बचाव सगळ्यात लंगडा. मागणी होती, नाही असं नाही. पण घोषणेच्या दिवशी पूर्ण चालणारा एक नमुनादेखील तयार नव्हता, मग पाठवणार काय? याचा पुरावा सुरुवातीच्या क्यूएलच्या पाठीवरच दिसायचा. आत रॉमसाठी, म्हणजे कायमचे प्रोग्रॅम साठवणाऱ्या चिपसाठी, 32 केबीची सोय केली होती. ऑपरेटिंग सिस्टिम आणि सुपरबेसिक ही प्रोग्रॅमिंगची भाषा मिळून गेलं 48 केबीवर. उरलेले 16 केबी एका डबीत भरून ती मागच्या खाचेत खोचून दिली. लोक तिला 'डोंगल' म्हणत. एवढं करूनही सुपरबेसिकमध्ये ढीगभर चुका होत्याच, आणि माहिती साठवणाऱ्या छोट्या टेपच्या मायक्रोड्राइव्हचा भरवसा नव्हता. गिऱ्हाइकांची झुंबड उडाली म्हणून कुणी रॉम बाहेर लटकवत नाही. 28 दिवसांच्या वायद्यावरून इतकी ओरड झाली, की ब्रिटनमध्ये जाहिरातींवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेलाही त्यात लक्ष घालावं लागलं.

'पहिला' हा मान तर ॲपलच्याच लिसा या कॉम्प्युटरपुढे टिकत नाही. ती 68000 वर चालायची आणि जानेवारी 1983 मध्येच जाहीर झाली होती. किंमत जवळजवळ 10,000 डॉलर, त्यामुळे ती घरात कोण आणणार, हा मुद्दा रास्त आहे. तेव्हा 'घरगुती खिशाला झेपेल असा पहिला' म्हणा, माझी हरकत नाही. फक्त क्यूएलमध्ये 68008 होता, म्हणजे डेटा बस (प्रोसेसरकडे माहितीची ने-आण करणारा मार्ग) आठच बिटांची, हेही जोडीला सांगा.

क्यूएलची बाजू घ्यायचीच असेल तर किमतीवरून घ्या. मॅक 2,495 डॉलरना होता, क्यूएल 399 पौंडांना. त्यात सायन कंपनीचे चार प्रोग्रॅम सोबत मिळायचे, आणि मल्टिटास्किंग, म्हणजे एकाच वेळी अनेक प्रोग्रॅम चालवणं, होतं, जे मॅकला तेव्हा जमत नव्हतं.