उडतं लचांड

माझ्या ड्रोनचं वजन 249 ग्रॅम आहे. ड्रोन 250 ग्रॅमच्या वर गेला की बऱ्याच देशांत नोंदणी, परवाने आणि परीक्षा मागे लागतात, म्हणून बनवणाऱ्यांनी मोजून एक ग्रॅम आधी हात आखडता घेतलाय. त्यांच्या हुशारीला माझी दाद आहे. पण हे वजन नुसत्या उडणाऱ्या जिवाचं. त्याच्या लवाजम्याचं वजन कुणी करत नाही. रिमोट, जादा बॅटऱ्या, त्या चार्ज करायचा हब, हबचा अडॅप्टर, अडॅप्टरची केबल, रिमोट आणि फोन जोडायची केबल, तिच्यासारखीच दिसणारी पण काही केल्या न चालणारी आणखी एक केबल (ती टाकून द्यायची हिंमत आजवर झालेली नाही), जादा पाती, पाती बसवायचा करंगळीएवढा स्क्रू-ड्रायव्हर, कॅमेऱ्याचे फिल्टर, आणि ड्रोन उतरवायची ती गोल चटई, जी झटक्यात उघडते आणि मिटायला मात्र दोन माणसं लागतात. सगळं एका बॅगेत बसतं. बॅग लावली की खांदा एका बाजूला कलतो आणि मी तशीच कललेल्या अवस्थेत लोकांना सांगत असते, "249 ग्रॅमचा तर आहे!"

तरी विमानप्रवासात खरी कटकट ड्रोनची नसतेच. तो बिचारा पाय दुमडून, कॅमेऱ्यावर प्लास्टिकची टोपी घालून गप पडून राहतो. छळतात त्या बॅटऱ्या. नियम असा की जादा, म्हणजे यंत्रात न बसवलेली लिथियम बॅटरी चेक-इन सामानात ठेवायची नाही. ती केबिनमध्ये, स्वतःजवळ. हा नियम पहिल्यांदा वाचणाऱ्याला वाटतं, छापताना उलटा झाला असावा. जी वस्तू पेट घेऊ शकते ती माणसांत आणून बसवायची, आणि माझे निरुपद्रवी सुती कुर्ते मात्र खाली सामानात! त्या स्क्रू-ड्रायव्हरचंही तेच. त्याने साधं पाकीट फुटत नाही, पण तपासणीत हत्यार ठरायला नको म्हणून त्याची रवानगी कुर्त्यांसोबत.

कारण मात्र बिनतोड आहे. बॅटरीतला एखादा लिथियम-आयन सेल आतून शॉर्ट झाला की तापतो, तापला की आणखी उष्णता सोडतो, त्या उष्णतेने आणखी तापतो, आणि शेजारच्या सेललाही नादाला लावतो. याला थर्मल रनअवे म्हणतात. सामानाच्या कप्प्यात आग विझवायला हॅलॉन वायू असतो. तो ज्वाळा दाबतो, पण तापलेला सेल थंड करत नाही, त्यामुळे आतलं रसायन आपला उद्योग चालूच ठेवतं. केबिनमध्ये धूर कुणाच्या तरी नाकाला लगेच लागतो, कर्मचारी धावत येतात, पाणी ओततात आणि सेल निवतो. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने तर 1 एप्रिल 2016 पासून प्रवासी विमानांतून लिथियम-आयन बॅटऱ्या माल म्हणून पाठवणंही बंद केलं. तारीख बघून हसू येतं, पण चेष्टा नव्हती. थोडक्यात, बॅटरीपाशी एक जागता पहारेकरी हवा, तो फुकट हवा, आणि वर त्याने विमानाचं तिकीटही स्वतःच्या पैशाने काढायला हवं. ती मी.

पहारेकऱ्याला गणितही यावं लागतं. मर्यादा वॉट-अवरमध्ये, म्हणजे बॅटरीत मावणाऱ्या ऊर्जेच्या मापात, सांगितलेली असते. 100 पर्यंतची बॅटरी खुशाल न्या. 100 ते 160 मधली असेल तर विमान कंपनीची परवानगी काढा आणि जादा अशा दोनच न्या. 160 च्या वरची असेल तर प्रवासी सामानात तिचं नावच काढू नका. (शेतात फवारणी करणाऱ्या ड्रोनवाल्यांनी इथेच रजा घ्यावी.) ही लक्ष्मणरेषा बनवणाऱ्यांनाही चांगली पाठ असते. इन्स्पायर 1 नावाच्या दांडग्या ड्रोनला दोन प्रकारच्या बॅटऱ्या मिळत. एक 129.96 वॉट-अवरची, दुसरी 99.9 ची. त्या शून्य पूर्णांक एकात मला अभियंत्यांची एक अख्खी बैठक दिसते. "शंभर करूया का?" कुणीतरी नवखा विचारतो, आणि सगळे त्याच्याकडे वळून बघतात.

माझ्या ड्रोनची बॅटरी 7.7 व्होल्टची आणि 2250 मिलीअँपिअर-अवरची (म्हणजे एमएएच). व्होल्टने अँपिअर-अवरला गुणायचं. 7.7 गुणिले 2.25, म्हणजे सतरा आणि वर थोडं. मर्यादेच्या पासंगालाही पुरत नाही. पण अंगावर मिलीअँपिअर-अवर ठळक छापलेले असतात आणि वॉट-अवर मुंगीच्या अक्षरांत, त्यामुळे काउंटरवर संवाद होतो तो असा:

"मॅडम, किती एमएएच?"

"सतरा वॉट-अवर."

"एमएएच सांगा."

"बावीसशे पन्नास."

"शंभरच्या वर चालत नाही, मॅडम."

"ते शंभर वेगळे. ते वॉट-अवर."

"पण इथे बावीसशे लिहिलंय."

मग मी कागद काढते आणि त्यावर गुणाकार मांडते. मागच्या रांगेतून "हातचा एक राहिला" अशी मदतही येते. साहेब गुणाकार बघतात, माझ्याकडे बघतात, आणि हे गणित मोडून काढण्यापेक्षा बाईला पुढे जाऊ देणं सोपं आहे असा निर्णय घेतात.

याच्याआधीची रात्र मात्र मी कुणावर येऊ देणार नाही. भरलेली बॅटरी प्रवासाला नेऊ नये, 30 ते 50 टक्क्यांपर्यंत उतरवून न्यावी, असं जाणकार सांगतात. भरलेल्या सेलमध्ये ऊर्जा जास्त, त्यामुळे बिघडला तर तांडवही जास्त. हेही पटतं. हल्लीच्या बॅटऱ्या न वापरता पडून राहिल्या तर काही दिवसांनी आपणहून थोड्या उतरतात, पण त्या काही दिवसांची वाट विमान बघत नाही. आता फोनची बॅटरी उतरवायला काहीच करावं लागत नाही, नुसतं तिच्यावर अवलंबून राहिलं तरी पुरतं. ड्रोनची बॅटरी उतरवायची तर ड्रोन उडवावा लागतो. रात्री. घरात.

तर दिवाणखान्याच्या मधोमध, टेबलाच्या उंचीवर, ड्रोन घूंऽऽ करत तरंगत असतो. पडदे फुगलेले. वर्तमानपत्र पानापानाने सोफ्यामागे गेलेलं. प्रवासाचे छापलेले कागद घरभर. नवरा एका हाताने इस्त्रीच्या कपड्यांचा गठ्ठा दाबून धरतो, दुसरा हात कानावर.

"किती राहिली गं?"

"बासष्ट टक्के."

"मघाशीही बासष्टच होती!"

"अरे, नुसतं तरंगून उतरायला वेळ लागतो."

"मग पळव की जरा!"

"कुठे? स्वयंपाकघरात?"

यावर तो ज्या नजरेने बघतो तिचा अर्थ असा की हे लग्नाआधी कळायला हवं होतं. मी त्याला धीर देते की बस, ही झाली की संपलं. ते खोटं असतं, कारण हबमध्ये बाकीच्या बॅटऱ्या हिरवे दिवे लावून ताटकळत बसलेल्या असतात.

उतरवून झाल्या की टेप. बॅटरीच्या धातूच्या टोकांना किल्ली, नाणं किंवा साधी पिन लागली तरी शॉर्ट होऊ शकतो, म्हणून प्रत्येकीची टोकं झाकायची किंवा प्रत्येकीला वेगळ्या पिशवीत घालायचं. भांडखोर भावंडांना गाडीत लांब लांब बसवतात तशी मी त्यांची व्यवस्था लावते. टेपमध्येही शिस्त आहे. भरलेलीला लाल, उतरवलेलीला निळी. पारदर्शक टेप राखीव, कारण तिचं टोक शोधण्यात आयुष्य जातं. मध्यरात्रीच्या शांततेत टेप ओढण्याचा तो चर्रऽऽ आवाज ऐकून शेजारच्यांची काय कल्पना होत असेल, याचा मी विचार करत नाही.

सुरक्षा तपासणीत माझ्या एकटीला चार ट्रे लागतात. ट्रे आत जातात, पट्टा थांबतो, पट्टा मागे येतो, पुन्हा पुढे जातो. पडद्यासमोरचे गृहस्थ मान तिरकी करतात. "बॅग कोणाची?" या प्रश्नाला माझा हात आता आपोआप वर जातो.

"हे काय आहे?"

"ड्रोन."

एवढं म्हटलं की रांगेतले लोक अर्धं पाऊल मागे सरतात आणि सुरक्षारक्षक अर्धं पाऊल पुढे. मग फडक्यासारख्या पट्टीने सगळं पुसून ती पट्टी यंत्रात घालतात, यंत्र विचार करतं, काही सापडत नाही, आणि इथून पुढे चौकशीचा सूर बदलतो. किती वर जातो? कॅमेरा कसा आहे? वाऱ्यात टिकतो का? पुतण्याला घ्यायचाय, कुठला घ्यावा? मी मनापासून उत्तरं देते. मागची रांग माझ्याकडे कसं बघते ते न बघण्याचं कौशल्य आता मला साधलंय. मुक्कामाच्या देशाचे नियम मात्र मी हे सगळं घराबाहेर काढण्याआधीच वाचते. मोरोक्कोत ड्रोन कस्टमवाले ठेवून घेतात, इजिप्तमध्ये परवानगीशिवाय तो बाळगणंसुद्धा गुन्हा आहे. तिथे निघालो की ड्रोन घरी राहतो आणि नवरा शीळ घालत बॅग भरतो.

परीक्षेची खरी घडी विमानाच्या दाराशी येते. "वरचे कप्पे भरलेत, मॅडम. केबिन बॅग खाली पाठवावी लागेल." बाकीचे प्रवासी हसतमुखाने बॅगा देऊन मोकळे होतात. माझ्या बॅगेतल्या जादा बॅटऱ्या खाली जाऊ शकत नाहीत. मी तिथेच जमिनीवर गुडघे टेकते आणि बॅग उघडते. बॅटऱ्या अर्थातच सगळ्यात तळाशी असतात. आधी चटई काढावी लागते. चटई झटक्यात उघडते. बोर्डिंगच्या दारात आता भगव्या रंगाचा एक गोल पसरलेला असतो, त्यावर मी, भोवती पाती, केबली, फिल्टर, आणि डावीउजवीकडून वळसे घालून जाणारं अख्खं विमान. नवरा एव्हाना दहा पावलं पुढे जाऊन आगीच्या सूचनांचा फलक तन्मयतेने वाचत असतो.

"अरे, चटई मिटायला ये!"

तो फलक आणखी तन्मयतेने वाचतो.

शेवटी दारावरच्या मुलीनेच चटईचं दुसरं टोक धरलं. बॅटऱ्या मी जॅकेटच्या खिशांत भरल्या. हे जॅकेट खिसे मोजून घेतलेलं आहे, थंडीशी त्याचा संबंध नाही. जागेवर बसल्यावर जॅकेट काढून वर ठेवावं, तर तेही नको वाटतं. जानेवारी 2025 मध्ये दक्षिण कोरियात गिमहे विमानतळावर उभ्या असलेल्या एका प्रवासी विमानात आग लागली. माणसं सगळी बाहेर पडली, विमान जळालं. संशय वरच्या कप्प्यातल्या पॉवर बँकवर होता. 1 मार्चपासून त्या देशाने पॉवर बँक डोक्यावरच्या कप्प्यात ठेवायला बंदी केली. अंगाजवळ किंवा समोरच्या खिशात, दिसेल अशी. तेव्हापासून मी कुठल्याही विमानात बसले तरी कोरियाचा नियम पाळते. त्यामुळे गेल्या प्रवासातही मी जॅकेटसकट, फुगलेल्या खिशांनी, सीटबेल्ट शेवटच्या भोकापर्यंत ढिला करून बसले होते.

शेजारचे काका बराच वेळ बघत होते. शेवटी त्यांनी विचारलंच, "तब्येत बरी आहे ना?"

मी सगळं सांगितलं. सेल, हॅलॉन, वॉट-अवर, पहारा. काकांनी फार समजूतदारपणे ऐकलं आणि म्हणाले, "बापरे, एवढं असतं का? माझी पॉवर बँक मी सरळ खालच्या सुटकेसमध्ये टाकली बुवा. नसती ब्याद कोण हातात वागवणार!"

मी काही बोलायच्या आत मधल्या वाटेवरून एक कर्मचारी आसन क्रमांक वाचत आला आणि आमच्या रांगेशी थांबला. एक्स-रेमध्ये सुटकेस अडकली होती, मालकाला खाली बोलावलं होतं. काका गेले. विमान थांबलं. सगळ्या माना खिडक्यांकडे वळल्या, आणि थोड्या वेळाने, काका घाम पुसत परत आल्यावर, सगळ्या माना त्यांच्याकडे. त्यांच्या हातात जाडजूड पॉवर बँक होती. ते माझ्याशेजारी बसले, ती दोन्ही हातांनी मांडीवर धरली आणि अगदी खालच्या आवाजात म्हणाले,

"ताई, तुमच्याकडे ती टेप असेल का हो?"

"किती टक्के चार्ज आहे?" मी खिशात हात घालत विचारलं. "त्यावर रंग ठरतो."