प्लास्टिकच्या डबीचे पैसे किती मोजायचे?

पंचम जॉर्जचा चांदीचा रुपया. साल तेच, टांकसाळ तीच. एक साध्या कागदी होल्डरमध्ये, दुसरा एनजीसी किंवा पीसीजीएस या नाण्यांची प्रत ठरवणाऱ्या अमेरिकन कंपन्यांच्या सीलबंद प्लास्टिकच्या डबीत, लेबलवर 'एमएस ६५', म्हणजे न वापरलेल्या नाण्याची ग्रेड (प्रत). लिलावात डबीतल्या रुपयावर कित्येक पट बोली चढते, हे आता आपल्याकडे नेहमीचं झालंय. नवे संग्राहक पहिला प्रश्न विचारतात तो "ग्रेड किती?" नाणं त्यानंतर बघतात. यात तरुण पोरांच्या पगारातले पैसे अडकतात, म्हणून आज जरा सविस्तर लिहितोय.

आधी डबीच्या बाजूचं. १९८० च्या दशकापर्यंत अमेरिकेत नाण्याची प्रत बहुतेक वेळा विकणाराच ठरवायचा. विकताना कोरं करकरीत असलेलं नाणं त्याच दुकानात परत विकायला नेलं की वापरलेलं ठरायचं. पीसीजीएस १९८६ मध्ये सुरू झाली, एनजीसी १९८७ मध्ये. ज्याचा खरेदी-विक्रीत हात नाही अशा तिऱ्हाइताने नाणं तपासायचं, खरं असेल तर १ ते ७० मधला आकडा द्यायचा आणि ते डबीत बंद करायचं. हा आकडा आला विल्यम शेल्डन यांच्या मोजपट्टीतून. १९४९ साली त्यांनी ती अमेरिकेच्या जुन्या तांब्याच्या सेंटसाठी मांडली होती, आणि त्यातली कल्पना अशी की ७० प्रतीच्या नाण्याची किंमत १ प्रतीच्या सत्तरपट असावी. म्हणजे आकडा आणि किंमत यांची गाठ पहिल्या दिवसापासूनच बांधलेली आहे.

आणि खरेपणाची हमी ही खरोखर मोलाची गोष्ट आहे. १९३९ च्या रुपयाच्या नकला बाजारात फिरतात. शिवाजी महाराजांच्या होनाबद्दल तर बोलायलाच नको, तो दाखवून किती जणांना फसवलं जातं! घेणाऱ्याला खरं-खोटं कळत नसेल तर तो प्रत्येक नाण्याकडे संशयानेच बघतो आणि पडेल भावाने मागतो. त्यात प्रामाणिक विक्रेताही मारला जातो. तो संशय घालवण्यासाठी जास्त पैसे मोजावे लागत असतील तर मी आनंदाने मोजीन, तुम्हीही मोजा. फक्त लेबलवरचा नंबर कंपनीच्या साइटवर तपासून घ्या, फोटो असेल तर नाण्याशी ताडून बघा, कारण नकली डब्याही निघाल्या आहेत.

माझा आक्षेप पुढच्या पैशांना आहे. ६० च्या वरची सगळी नाणी न वापरलेलीच. ६४ आणि ६५ मधला फरक म्हणजे पोत्यात नाणी एकमेकांवर आपटून पडलेले बारीक ओरखडे, चकाकी, ठशाचा उठाव. हे ठरवतात माणसं, थोड्या वेळात, डोळ्यांनी. तेच नाणं पुन्हा पाठवलं तर कधी वेगळा आकडा येतो, आणि हे सगळ्या धंद्याला ठाऊक आहे. म्हणूनच डबी फोडून नाणं पुन्हा पाठवायची पद्धत पडली. वरचा आकडा मिळेपर्यंत लोक पाठवत राहतात, जुनं लेबल परत केलं नाही तर एकच नाणं कंपनीच्या मोजणीत दोन-तीनदा धरलं जातं. २००७ मध्ये सीएसी नावाची आणखी एक संस्था आली. आधीच डबीत असलेलं नाणं त्या आकड्याला नीट शोभतं का, एवढं बघून ती डबीवर हिरवं स्टिकर लावते. स्टिकरवाली नाणी आणखी महाग जातात. तिऱ्हाइतावर दुसरा तिऱ्हाइत बसवावा लागला, यावरून खुद्द अमेरिकन बाजाराचा त्या आकड्यावर किती भरवसा आहे ते ओळखा.

१९६३ च्या लिंकन सेंटचं उदाहरण प्रत्येक नव्या संग्राहकाला माहीत हवं. त्या वर्षीचे प्रूफ सेंट (संग्राहकांसाठी खास पाडलेले) तीस लाखांहून जास्त पाडले गेले, दुर्मीळ वगैरे काही नाही. पण त्यातल्या एकाला पीसीजीएसने पूर्ण ७० दिले आणि त्या घडीला तसा तो एकटाच होता. तो ३९ हजार डॉलरच्या वर विकला गेला. मग इतरांनीही आपापले सेंट पाठवले, आणखी ७० निघाले आणि भाव काहीशे डॉलरवर आला. ज्याने ते पैसे मोजले त्याच्या हातातलं नाणं काडीचंही बदललं नव्हतं. बदलला होता तो मोजणीतला एक आकडा.

हेच मोठ्या प्रमाणावर १९८९ मध्ये झालं. डबीमुळे नाणं न बघता फोनवर सौदे व्हायला लागले होते, मेरिल लिंच आणि किडर पीबॉडी यांच्यासारख्या वॉल स्ट्रीटच्या कंपन्यांनी दुर्मीळ नाण्यांचे फंड काढले, भाव भडकले आणि १९९० मध्ये कोसळले.

आता आपल्याकडचं, आणि मला खरं तर हेच सांगायचं आहे. 'पॉप्युलेशन रिपोर्ट', म्हणजे कंपनीने कोणत्या ग्रेडची किती नाणी तपासली याची मोजणी, दाखवून विक्रेता म्हणतो, या ग्रेडची जगात फक्त सहा नाणी आहेत. हे वाक्य चुकीचं आहे. सहा आहेत ती त्या कंपनीकडे गेलेली. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षं झालेलं नाणं ही पुरावस्तू ठरते आणि ते खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. म्हणजे १९११ चा 'डुकराचा रुपया', ज्यात राजाच्या अंगरख्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसला म्हणून सरकारने तो मागे घेतला, तो कुणाच्या आजीच्या डब्यात झळझळीत अवस्थेत असला तरी ग्रेडिंगसाठी अमेरिकेला जाऊ शकत नाही. सातारा, जळगाव, लातूरच्या घराघरांत अशी किती नाणी पडून असतील! अहवालात त्यांचा पत्ताच नाही. तेव्हा भारतीय नाण्यांच्या बाबतीत बऱ्याचदा नाणं दुर्मीळ नसतं, लेबल दुर्मीळ असतं. आणि त्या लेबलच्या दुर्मीळपणाचे तुम्ही लाखात पैसे मोजत असता.

दुसरं, ही मोजपट्टी यंत्राने पाडलेल्या नाण्यांची आहे. आपली शिवराई, अंकुशी रुपया, चांदवडच्या टांकसाळीचा चांदोरी रुपया ही हातोड्याने पाडलेली नाणी. ठसा मोठा, चकती लहान, त्यामुळे अख्खा मजकूर एका नाण्यावर क्वचितच येतो. इथे किंमत ठरते ती कोणतं अक्षर आलं, टांकसाळीचं चिन्ह पूर्ण आहे का, साल वाचता येतं का, यावर. झीज हा त्यातला एक भाग. ठळक 'छत्रपति' असलेली झिजकी शिवराई मला अर्धवट अक्षरांच्या तुकतुकीत शिवराईपेक्षा दहापट प्यारी. एनजीसी प्राचीन नाण्यांसाठी ठशाला आणि पृष्ठभागाला पाचपैकी वेगळे गुण देते. निदान तेवढं तरी आपल्या नाण्यांना मिळायला हवं.

सराफांच्या खुणांचं मला फार वाईट वाटतं. त्या काळी सराफ रुपया पारखून त्यावर छोटी खूण उमटवायचा. त्या बाजाराची हमीच ती. आज तीच खूण दिसली की नाणं 'खराब' धरून भाव पाडतात. व्यापाराचा एवढा स्पष्ट पुरावा दोष कसा ठरू शकतो?

याउलट घासलेल्या नाण्यांबाबत ग्रेडिंगवाल्यांची कडक भूमिका मला शंभर टक्के पटते. लक्ष्मीपूजनाच्या आधी चांदीचे रुपये चिंचेने, पितांबरीने लखलखीत घासायची आपली रीत. पृष्ठभाग एकदा गेला की परत येत नाही. अशा नाण्याला आकडा मिळत नाही, 'डिटेल्स' एवढाच शेरा मिळतो आणि भाव धाडकन खाली येतो. पूजेचे रुपये वेगळे ठेवा, संग्रहातल्याला मऊ फडकंसुद्धा लावू नका, घरच्यांनाही सांगून ठेवा.

घेताना मी काय करतो ते सांगतो. महागडं आणि नकला असलेलं नाणं असेल तर डबीतलंच घेतो. साधा, सहज मिळणारा रुपया असेल तर डबीचे पैसे देत नाही. १९३९ पर्यंतच्या रुपयाचं वजन ११.६६ ग्रॅम, त्यात चांदी ९१.७ टक्के, खिशातला छोटा काटा आणि भिंग यांवर बरंच काही कळतं. मराठा नाणं घ्यायचं तर आधी पुण्याच्या कॉइनेक्ससारख्या प्रदर्शनात तशी पन्नास नाणी हातात घेऊन बघावीत, नाशिकजवळच्या अंजनेरीच्या नाणेशास्त्र संस्थेत एक दिवस काढावा. लिलाववाल्यांकडे माझी एक मागणी आहे. हातोड्याच्या नाण्यांच्या यादीत ग्रेडबरोबर वजन, व्यास आणि कोणती अक्षरं दिसतात हे प्रत्येक वेळी छापा. तुमच्याकडे शिवराई किंवा मराठा रुपये असतील तर या तीन गोष्टींसह फोटो कमेंटमध्ये टाका, मी प्रत्येकाला उत्तर देईन.