ब्रिटनमधील ‘केअर वर्कर’ भरतीच्या संदेशाबाबत खुलासा

कोल्हापूर शहर, कागल आणि गडहिंग्लज परिसरातील व्हॉट्सअॅप गटांत फिरणाऱ्या एका संदेशात ब्रिटनमध्ये कर्मचाऱ्यांची टंचाई असल्याने नर्सिंग झालेल्यांना परीक्षेविना ‘केअर वर्कर’ (वृद्ध व आजारी लोकांची देखभाल करणारे कर्मचारी) म्हणून कुटुंबासह व्हिसा मिळतो, त्यासाठी काही लाख रुपये आगाऊ भरावेत, असे म्हटले आहे. टंचाई खरी आहे. बाकीचे खरे नाही.

केअर वर्करसाठी परदेशातून नवी भरती ब्रिटनने २२ जुलै २०२५ पासून बंद केली असून, या वर्गातील नव्या कर्मचाऱ्यांना कुटुंब सोबत नेण्याची मुभा ११ मार्च २०२४ पासूनच काढून घेतली होती. नोंदणीकृत परिचारिकांचा मार्ग अजून खुला आहे. मात्र त्यासाठी इंग्रजीची पात्रता, संगणकावरील परीक्षा आणि ब्रिटनमध्ये होणारी प्रात्यक्षिक परीक्षा द्यावीच लागते.

पैशांचा मुद्दा सर्वांत गंभीर आहे. ब्रिटनच्या भरती आचारसंहितेनुसार नोकरी लावून देण्याचे शुल्क उमेदवाराकडून घेता येत नाही. तरीही असे पैसे भरण्यासाठी शेत गहाण टाकून गेलेल्यांच्या तिथल्या मालकाचा प्रायोजक परवाना (परदेशी कर्मचारी नेमण्याचा सरकारी परवाना) रद्द झाला, तर नवा प्रायोजक शोधण्यास साधारण ६० दिवस मिळतात, आणि कर्ज मात्र घरच्यांच्या डोक्यावर राहते. परदेशी कर्मचारी तिथे टिकत नाहीत याचे हेही एक कारण आहे. टिकत नाहीत म्हणून त्यांना कामचुकार ठरवणे अन्यायाचे आहे.

एजंटाची नोंदणी ‘ई-मायग्रेट’ या सरकारी संकेतस्थळावर तपासल्याशिवाय पारपत्र किंवा मूळ प्रमाणपत्रे कोणाच्याही हाती देऊ नयेत.