नऊ मिलिमीटरचा ताप

मुलीचं लग्न झालं, तिची खोली रिकामी झाली. "आता इथे माझी शिलाई मशीन," असं ही म्हणेपर्यंत मी तिथे प्लायवूड आणून टाकलं होतं. अठ्ठावन्नाव्या वर्षी मला मॉडेल रेल्वेचा नाद लागला. (घरात तिला 'खेळण्यातली गाडी' म्हणतात. असो.)

जागा कमी, म्हणून एन स्केल. म्हणजे 1:160, रूळ 9 मिलिमीटर. नऊ म्हणजे नाइन, म्हणून एन. एवढं कळल्यावर मी स्वतःला डीआरएम, म्हणजे रेल्वेचा विभागीय व्यवस्थापक, समजू लागलो. रूळ मागवले, मग एक देखणं इंजिन दिसलं, तेही मागवलं. ते निघालं एचओ, म्हणजे एनहून मोठ्या स्केलचं! 1:87, चाकांना साडेसोळा मिलिमीटरचा रूळ हवा. माझ्या रुळावर ते नालीच्या दोन्ही काठांवर पाय फाकवून उभ्या म्हशीसारखं दिसलं.

"काका, स्केल म्हणजे गाडी किती पट लहान, अन् गेज म्हणजे दोन रुळांतलं अंतर," शेजारच्या दहावीतल्या पोरानं सांगितलं. "तुम्ही दोन्ही एकच समजून राहिले होते का?"

समजून राहिलो होतो.

एनचं इंजिन आलं ते ऐन मे महिन्यात. बारा व्होल्टची वीज रुळांतून चाकांत येते, तिथून मोटरीत. मधे धुळीचा कण आला की गाडी जागीच उभी. आणि माझ्या खोलीत कूलर! गवताचा भुगा थेट मेन लाइनवर. कूलर बंद केला तर गाडी धावते, मी आडवा होतो. शेवटी चिंधीला स्पिरिट लावून रोज रूळ पुसायला लागलो. "फरशी नाही पुसली कधी," दारातून आवाज आला.

मग हिशेब केला. खरा एलएचबी (नव्या पद्धतीचा) डबा साडेतेवीस मीटर, म्हणजे माझ्याकडे पावणेपंधरा सेंटिमीटरच्या आसपास. चोवीस डबे आणि इंजिन मिळून बारा फूट. खोलीही बारा फूट. म्हणजे गाडी सुटायच्या आधीच पोचलेली.

वैतागून नागपुरातल्या मोतीबागच्या नॅरो गेज (अरुंद रुळांच्या) रेल्वे संग्रहालयात जाऊन बसलो. लहानपणी इतवारीहून नागभीडला याच गाडीनं जायचो. रूळ 762 मिलिमीटर. सहज मोबाइलवर 87 नं भागलं. 8.76! म्हणजे नऊच की! एचओ स्केलची नॅरो गेज गाडी माझ्या एनच्या रुळांवर चालते. रूळ बरोबर होते, 1:87 पण बरोबर होतं, फक्त इंजिन तेवढं चुकलं होतं.

धावत घरी येऊन हे सगळं हिला सांगितलं. तिनं शांतपणे ऐकलं.

"अहो, म्हणजे आता तिसरं इंजिन?"

मी चिंधी घेतली आणि रूळ पुसायला बसलो.