सगळं मूळचंच

माल्टा बेटावर झाडं कमी आणि दगड अमाप. भूगोलाच्या पुस्तकात ही माहिती एका ओळीत उरकली असती. मला ती कपाळ, गुडघा आणि उजव्या पायाची करंगळी या क्रमाने समजली.

त्याचं असं की, झाडं नाहीत म्हणून लांब तुळया नाहीत. तुळया नाहीत म्हणून छपराला दगडाच्याच लाद्या. ही लादी फार लांब असली तर स्वतःच्या वजनानेच मोडेल, म्हणून खोलीत थोड्याथोड्या अंतरावर दगडी कमानी. आणि कमान म्हटली की मध्ये उंच, कडेला बुटकी. जुन्या माल्टीज घरात माणसाने खोलीच्या मध्यरेषेवरून चालावं अशी अपेक्षा असते. रात्री दोन वाजता पाणी प्यायला उठलेला माणूस मध्यरेषेवरून चालत नाही.

घर बायकोने शोधलं होतं. मुक्काम इमअब्बा. बेटाच्या दक्षिणेकडचं, दगडाच्या खाणींच्या सोबतीने राहणारं छोटंसं गाव. "हॉटेलात काय, कुणीही राहतं. हे बघ, जुनं घर, नीट जतन केलेलं, खऱ्याखुऱ्या गावात!" फोटोत मधासारखा पिवळा दगड, हिरवी बंदिस्त लाकडी गॅलरी आणि नक्षीदार फरशी होती. डोकं आपटणारा माणूस फोटोत नव्हता.

बरोबर सासूबाई. त्यांची उमेद शनिवार पेठेतल्या वाड्यात गेली. काळोखा जिना, उंच उंबरे, चौकातला हौद, पावसाळ्यात ओल धरणाऱ्या भिंती. तो वाडा पाडून बिल्डिंग व्हावी म्हणून त्यांनी भाडेकरूंशी, मालकाशी आणि महापालिकेशी वर्षानुवर्षं झुंज दिली. आता त्या तिसऱ्या मजल्यावर लिफ्टने जातात आणि लिफ्टमध्ये शिरण्यापूर्वी मनातल्या मनात नमस्कार करतात. माल्टातल्या त्या दारातून आत पाऊल टाकल्यावर त्यांनी वर लाद्या पाहिल्या, समोर जिना पाहिला, हाताने भिंत चाचपली आणि विचारलं, "हा तर वाडा आहे. ह्याचं भाडं कोण कोणाला देतंय?"

मालकीणबाई स्वभावाने फार गोड. घर दाखवताना त्यांनी आमच्या प्रत्येक शंकेचं एकाच शब्दात निरसन केलं. दार अर्धंच उघडतं? ओरिजिनल. पायरी एका बाजूला झिजलीय? ओरिजिनल. खिडकी इतकी उंचावर का? तीही ओरिजिनल. सासूबाईंनी कोपऱ्यातलं कोळ्याचं जाळं बोटाने दाखवलं. तेवढ्यापुरत्या बाई गप्प झाल्या.

जिन्याबद्दल मात्र थोडं सविस्तर सांगायला हवं. त्याला तिकडे गारिगोर म्हणतात. भिंतीच्या पोटात कोरल्यासारखा, गोल गोल वर जाणारा दगडी जिना. पायरी एका टोकाला वीतभर, दुसऱ्या टोकाला बोटभर. एकट्या, सडपातळ आणि सामान नसलेल्या माणसासाठी तो उत्तम आहे. मी यातल्या एकाही अटीत बसत नाही. आमची मोठी बॅग दुसऱ्या वळणावर अशी रुतली की ती वरही जाईना आणि खालीही येईना. बायको वर, सासूबाई खाली, मधे बॅग आणि बॅगेच्या वरच्या अंगाला मी. शेवटी बॅग तिथेच उघडून कपडे हातोहात वर पोचवले. भडंगाचा पुडा तेवढा खाली गेला. तो सासूबाईंकडे राहिला आणि पुढेही त्यांच्याकडेच राहिला.

न्हाणीघर पूर्वी खेचराचा गोठा होतं. हे मला हवेतून कळलेलं नाही, मालकीणबाईंनी अभिमानाने सांगितलं. दगडी गव्हाण जशीच्या तशी ठेवून तिच्यात टॉवेल रचले होते. जनावर बांधायला भिंतीच्या दगडातच कोरलेली कडी होती, तिला पंचा अडकवायचा. तिथे आंघोळ करताना आपण कुणाची तरी जागा बळकावली आहे, ही भावना शेवटपर्यंत गेली नाही.

बैठकीच्या खोलीत जमिनीला एक गोल जाड काच बसवलेली आणि खाली दिवा. काचेखाली विहीर! म्हणजे झऱ्याची विहीर नव्हे. या बेटावर नद्या नाहीत, त्यामुळे गच्चीवरचं पावसाचं पाणी पन्हळीतून खाली आणून खडकात खोदलेल्या टाक्यात साठवायचं, ही इथली शतकानुशतकांची रीत. त्याला ते बीर म्हणतात. आता नळाला बरंचसं समुद्राचंच पाणी गोडं करून येतं, त्यामुळे बीरला काम उरलं नाही आणि कौतुक वाढलं. "काचेवरून खुशाल चाला, मजबूत आहे," असं मालकीणबाई म्हणाल्या. सासूबाई सोफ्यावर जायलासुद्धा भिंतीच्या कडेकडेने जात. "विहिरीवर पाय देऊन बसायला जायचं? माझं काय डोकं फिरलंय?" कडेने गेलं की कमान बुटकी, पण सासूबाईंची उंची त्या घराला बरोबर बसत होती.

भिंती दुपदरी, मधे दगडगोट्यांची भर. त्यामुळे वायफाय ज्या खोलीत आहे त्याच खोलीत राहतं. मला ऑफिसला एक मेल पाठवायचा होता, तो मी काचेच्या विहिरीवर उभा राहून पाठवला. दगडही असा मऊ की खाणीत करवतीने कापतात. इथले किल्ले, चर्चं, राजवाडे सगळे त्याचेच. दिसायला देखणा, पण तो रोज थोडा थोडा खाली येतो. सकाळी उशीवर पिवळसर पीठ, चहावर पीठ, माझ्या काळ्या शर्टावर तर आख्खी गिरणी.

हे सगळं मी सोसलं असतं. पण आम्ही गेलो ऑगस्टात.

१५ ऑगस्टला तिकडे सांता मारिया, म्हणजे मरियम मातेच्या स्वर्गारोहणाचा सण. सात गावं एकाच दिवशी तो साजरा करतात, त्यातलं एक इमअब्बा. १९४२ साली, युद्धात वेढलेलं बेट उपाशी मरायला टेकलं असताना, ओहायो नावाचं तेलवाहू जहाज मोडक्या अवस्थेत याच दिवशी बंदरात ओढून आणलं गेलं. तेव्हापासून या सणाचं मोल आणखी वाढलं. हे ऐकून मला भरून आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला पहिला गरनाळ उडाला तेव्हा मी पलंगावर उठून बसलो आणि छतातलं पीठ माझ्यावर बसलं.

रोषणाई रात्रीची असते, हे मला माहीत होतं. सकाळी नुसता आवाज उडवतात, हे नव्हतं. सकाळी आवाज, दुपारी आवाज, संध्याकाळी आवाज आणि त्यानंतर बँड. बोळ इतका अरुंद की ट्रॉम्बोनची नळी आमच्या लाकडी गॅलरीत येऊन परत जायची. सांता मारियाच्या बँडला इंग्लंडच्या पाचव्या जॉर्जचं नाव आहे. इंग्रज १९६४ साली स्वातंत्र्य देऊन मोकळे झाले, राजा बँडमध्ये राहिला.

सासूबाई या काळात शेजारच्या आजींकडे असत. आजी दारात खुर्ची टाकून बसायच्या. सासूबाईंचं पोस्टातलं इंग्रजी आणि आजींचं इंग्रजी एकमेकांना चांगलं लागू पडलं. भडंग तिकडे गेलं, अंजिरं इकडे आली. १४ तारखेच्या रात्री सगळं गाव माना वर करून आभाळाकडे बघत असताना आजींच्या खिडक्या मात्र बंद. मला वाटलं, आजारी आहेत.

"आजारी कसल्या," सासूबाई म्हणाल्या. "त्या लिलीच्या पार्टीतल्या आहेत."

गावात दोन सण, दोन बँड, शोभेच्या दारूचे दोन कारखाने. एक सांता मारियाचा, दुसरा जूनमधला, लिलीच्या फुलांच्या मातेचा. दोन्हीकडे माता तीच, मरियम. तरी एकीच्या मंडळींनी दुसरीच्या आतषबाजीला वाहवा म्हणायची नाही. लिलीवाल्यांनी २०११ साली बत्तीस मीटर व्यासाचं भुईचक्रासारखं उभं चक्र पेटवून जागतिक विक्रम केला, हे आजींनी सासूबाईंना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. हे वैर सासूबाईंना समजावून सांगावं लागलं नाही. त्या पुण्याच्या.

सणाच्या दिवशी मूर्ती खांद्यावरून निघाली. गच्च्यांवरून कागदाच्या चिठोऱ्यांचा पाऊस पडला, त्यातला बराचसा माझ्या चहात. बायको फोटो काढत होती. मी कमानीखाली कपाळाला बर्फ लावून बसलो होतो. सासूबाई गॅलरीत उभ्या राहून, हाताची घडी घालून, अगदी कोरड्या चेहऱ्याने बघत होत्या.

"कसं वाटलं, आई?" मी विचारलं.

"बरं आहे," त्या म्हणाल्या. "पण लिलीचं ह्यापेक्षा चांगलं असतं म्हणे. जूनमधल्या तिसऱ्या रविवारी. मी मालकीणबाईंना सांगून ठेवलंय, हेच घर द्या म्हणून. तुम्ही तेवढी बॅग लहान आणा."